पहिल्या बॉक्सिंग स्पर्धेची तयारी: हॉलच्या दारापासून रिंगपर्यंत

दर जूनमध्ये आमच्या हॉलमध्ये नवी मुलं येतात. मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, ग्लोव्हज कधी घालायला मिळणार?" आणि आईवडिलांचा, "दहावीला क्रीडा गुण मिळतात ना?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण मी त्यांना आधी भिंतीवरचं घड्याळ दाखवतो. हौशी बॉक्सिंगची लढत मोठ्या गटात तीन राउंडची असते. तीन मिनिटं खेळ, एक मिनिट विश्रांती, असं तीनदा. लहान गटांत राउंड आणखी आखूड. म्हणजे महिनोन् महिने घाम गाळायचा तो रिंगमधल्या नऊ मिनिटांसाठी. या नऊ मिनिटांत पाय टिकले तर हात चालतात. पाय गेले की शिकलेलं सगळं गेलं, हे मी स्वतःच्या अंगावर शिकलो आहे. ते पुढे सांगतोच.

हॉल आणि सर

जवळ बॉक्सिंग कुठे शिकवतात हे कळत नसेल तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा. जिल्हा संघटनेशी जोडलेले क्लब तिथे माहीत असतात, शालेय स्पर्धांची परिपत्रकंही तिथेच मिळतात. क्लब निवडताना चकचकीत मशिनं बघू नका. संध्याकाळी एक तास कोपऱ्यात उभं राहून बघा. नव्या पोराला पहिल्याच आठवड्यात जुन्या पोरासमोर उभं करतात का? करत असतील तर तिथून निघा. सर मुलांच्या पायांकडे बघतात की नुसत्या हातांकडे? कुणाच्या नाकातून रक्त आलं तर सराव थांबतो की हशा पिकतो? एवढ्यावरून जागा कळते.

सामान

सुरुवातीला बँडेजच्या दोन जोड्या, दोरीच्या उड्यांची दोरी आणि पातळ तळव्याचे बूट पुरे. बॅगवर मारायचे ग्लोव्हज महिन्याभराने घ्या. स्पारिंगला, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत खेळायला, १४ किंवा १६ औंसाचे लागतात, ते क्लबमध्ये असतात. माऊथगार्ड मात्र स्वतःचाच हवा, गरम पाण्यात मऊ करून आपल्या दातांवर बसवलेला. लाल रंगाचा घेऊ नका. स्पर्धेत तो चालत नाही, कारण तोंडातून रक्त येतंय का ते रेफरीला दिसलं पाहिजे.

बँडेज बांधणं हा पहिला धडा. मी तो घाईत उरकू देत नाही. पट्टी साडेचार मीटरची, एका टोकाला अंगठ्याचा फास. फास अंगठ्यात अडकवा, पट्टी हाताच्या पाठीवरून मनगटाकडे न्या आणि मनगटाला तीन वेढे द्या. तिथून तिरकी वर घेऊन नकल्सवर, म्हणजे मूठ वळली की वर येतात त्या हाडांवर, तीन वेढे. हे वेढे देताना बोटं फाकलेली ठेवा. आता करंगळी आणि अनामिकेच्या फटीतून पट्टी घाला, ती अंगठ्याच्या मुळाशी आणा, परत जाऊन पुढच्या फटीतून, मग त्याच्या पुढच्या. शेवटी अंगठ्याला एक वेढा, नकल्सवरून पुन्हा एकदोन, आणि उरलेली पट्टी मनगटावर संपवा. मूठ वळल्यावर घट्ट आणि हात उघडल्यावर सैल लागली म्हणजे बरोबर. बोटांची टोकं पांढरी पडली किंवा मुंग्या आल्या तर सगळं सोडून परत बांधा. हाताच्या पाठीची हाडं बारीक असतात आणि तीच आधी मोडतात. माझ्या ओळखीतली दोन पोरं निव्वळ आळसाने बांधलेल्या बँडेजमुळे आख्खा हंगाम बाहेर बसली.

पहिले तीन महिने: पाय, गार्ड, जॅब

उजव्या हाताच्या माणसाचा डावा पाय पुढे, अंतर खांद्याएवढं, पुढचा पाय किंचित आत वळलेला, मागच्या पायाची टाच उचललेली. गुडघे सैल. हनुवटी खाली, कोपरं बरगड्यांना लागून, मुठी गालाशी, हाच गार्ड. डावखुऱ्याचं सगळं उलट, त्याला साउथपॉ म्हणतात. असं नुसतं उभं राहायला एक दिवस पुरतो, पण असं उभं राहून चालायला महिना लागतो.

चालायचा नियम एकच: ज्या बाजूला जायचं, त्या बाजूचा पाय आधी. पुढे जाताना पुढचा, मागे येताना मागचा, डावीकडे डावा. पाय एकमेकांवरून कधीच जाऊ द्यायचे नाहीत. पाय कातरीत असताना साधा ठोसा बसला तरी माणूस पडतो आणि रेफरी आकडे मोजायला लागतो. आम्ही फरशीवर खडूने रेघ मारतो आणि पोरं त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून हॉलभर फिरतात. कंटाळवाणं आहे. करा.

तालमीतून आलेल्या मुलांविषयी इथे थोडं जास्त बोलतो, कारण आपल्याकडे अशी मुलं बरीच येतात. त्यांची मान आणि मांड्या तयार असतात, मार खायची भीती नसते, पहाटे उठायची सवय असते. अडचण उभं राहण्यात. कुस्तीत वाकून, डोकं पुढे काढून उभं राहायची जन्माची सवय. बॉक्सिंगमध्ये डोकं खाली घालून पुढे घुसणं हा फाउल आहे, आणि फाउल नाही दिला तरी समोरच्याच्या अपरकटला, म्हणजे खालून वर येणाऱ्या ठोशाला, ते आमंत्रणच. पकडीची सवयही नडते. अंगाला अंग लागलं की हात आपोआप कंबरेत जातात आणि ताकीद मिळते. अशा मुलांना मी दोन महिने आरशासमोर जास्त ठेवतो. खो-खोची मुलं मात्र पायात लवकर येतात. पळता पळता दिशा बदलणं त्यांच्या अंगात मुरलेलं असतं.

ठोशांत आधी जॅब. पुढचा हात खांद्यातून सरळ जातो, शेवटच्या क्षणी मूठ फिरून तळवा जमिनीकडे होतो, आणि हात गेला त्याच वाटेने, तेवढ्याच वेगाने परत गालाशी येतो. नवशिक्याचा हात परत येताना हमखास खाली पडतो आणि तिथेच त्याला समोरून ठोसा बसतो. जॅब बसला की मागच्या हाताचा सरळ ठोसा, क्रॉस. तो हाताने मारायचा नसतो. मागच्या पायाचा चवडा फिरतो, मग कंबर, मग खांदा, आणि मूठ सगळ्यात शेवटी पोचते. जॅब आणि क्रॉस मिळून वन-टू. हुक, म्हणजे बाजूने वळून येणारा ठोसा, आणि अपरकट तिसऱ्या महिन्यात आले तरी चालतील. पहिल्या स्पर्धेत चांगला जॅब, स्वच्छ वन-टू आणि बाजूला सरकणारे पाय असलेला मुलगा दहा प्रकारचे ठोसे येणाऱ्याला सहज भारी पडतो.

दम

आठवड्यातून तीन सकाळी पाच-सहा किलोमीटर संथ धावा, शेजारच्याशी बोलता येईल इतपतच वेगाने. उरलेल्यापैकी दोन सकाळी मैदानावर २०० आणि ४०० मीटरच्या जोरकस फेऱ्या, मध्ये चालत विश्रांती. नुसतं लांब धावणाऱ्या मुलाला पहिल्या राउंडच्या झटापटीत धाप लागते, आणि नुसत्या स्प्रिंट मारणारा तिसऱ्या राउंडला उरत नाही. दोन्ही हवं.

हॉलमधला सराव घड्याळावर ठेवा: तीन मिनिटं काम, एक मिनिट थांबा. दोरीच्या उड्या तीन राउंड, शॅडो (एकट्याने हवेत ठोसे मारत हलणं) तीन, बॅग चार, सरांच्या हातातल्या पॅडवर दोन-तीन. शॅडोला हलकं समजू नका. समोर माणूस आहे असं धरून, त्याचा ठोसा येतोय असं धरून हललात तर शॅडोमध्येच लढत घडते. जोर-बैठका, पोटाचे व्यायाम, मानेचे व्यायाम शेवटी. मान मजबूत असली तर ठोसा बसल्यावर डोकं कमी हादरतं, म्हणून ते कधी चुकवू नका. रविवारी पूर्ण सुट्टी. झोप आठ तास.

स्पारिंग

तीन-चार महिन्यांनी, सर म्हणतील तेव्हा. सुरुवातीला एकाने फक्त जॅब मारायचा आणि दुसऱ्याने फक्त वाचवायचं. मग दोघांनी फक्त जॅब. मग अंगावरचे ठोसे. मोकळं स्पारिंग त्यानंतर, तेही हेडगार्ड, माऊथगार्ड, कप (जांघेचं संरक्षण) आणि मोठे ग्लोव्हज घालून, आठवड्यातून दोनदाच. स्पारिंगमध्ये जिंकायचं नसतं. जोडीदार तुमच्याहून हलका किंवा नवा असेल तर तुमची ताकद निम्म्यावर यायला हवी. स्पारिंगनंतर डोकं दुखत असेल तर त्याच दिवशी सरांना सांगा. लपवणारी मुलं मी पाहिली आहेत आणि मला त्यांची खरोखर काळजी वाटते.

कोणत्या वजनात उतरायचं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. मी एकोणीस वर्षांचा होतो, वजन ६३ किलो. कुणीतरी सांगितलं, ६० मध्ये उतर, तिथे पोरं छोटी असतात. स्पर्धेला चार दिवस होते. मी जेवण सोडलं, शेवटच्या दिवशी पाणीही सोडलं, दोन स्वेटर घालून दुपारच्या उन्हात धावलो. सकाळी काट्यावर ५९.८ भरलं तेव्हा लढत जिंकल्यासारखा आनंद झाला. पहिला राउंड ठीक गेला. दुसऱ्यात मिनिटभरानंतर मांड्यांमध्ये काही उरलंच नाही. समोरच्याचा हात येताना दिसत होता, पण डोकं बाजूला होत नव्हतं. रेफरीने लढत थांबवली, आणि बरं केलं.

म्हणून आता मी सरळ हिशेब सांगतो. रोज सकाळी, रिकाम्या पोटी, एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहा. दोन आठवड्यांत तुमचं खरं वजन कळेल. अंगावर खरोखर चरबी असेल तर आठवड्याला अर्धा किलो या गतीने, सहा-आठ आठवड्यांत, वरच्यावर कमी करा. त्यापेक्षा जास्त अंतर असेल तर वरच्या गटात खेळा. वाढत्या वयाच्या मुलांचं वजन मुद्दाम उतरवूच नये.

आणखी एक गोष्ट नव्यांना ठाऊक नसते. स्पर्धा चार-पाच दिवस चालली तर ज्या ज्या दिवशी लढत, त्या त्या सकाळी पुन्हा काटा. एकदा वजन उतरवून मग पोटभर जेवलं की झालं, असं इथे होत नाही. कुस्तीतलं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला विनेश फोगाट ५० किलोच्या अंतिम फेरीत पोचली आणि त्या सकाळी १०० ग्रॅम वजन जास्त भरलं म्हणून बाद झाली. तिच्या पाठीशी डॉक्टर, आहारतज्ज्ञ असं सगळं पथक होतं, तरीही. तुमच्या पाठीशी आई आणि सर. उलटं उदाहरण मेरी कोमचं. तिची तोवरची जागतिक पदकं ४६, ४८ अशा हलक्या गटांतली. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये महिलांचा सर्वांत हलका गटच ५१ किलोचा होता. ती वर गेली, आपल्याहून उंच आणि जड मुलींशी खेळली आणि कांस्यपदक घेऊन आली.

मुलींसाठी एक सूचना: पाळीच्या आसपास वजन थोडं वर जातं, ते पाण्याचं असतं. तारखा वहीत लिहून ठेवा म्हणजे काट्याच्या सकाळी धक्का बसणार नाही आणि उगाच उपास होणार नाहीत.

लघवी होण्याच्या गोळ्या खाऊन वजन उतरवायचा सल्ला कुणी देईल. त्या गोळ्या उत्तेजक द्रव्यांच्या बंदी यादीत आहेत आणि तब्येतीला घातक आहेत. सर्दीच्या काही औषधांतही स्पर्धेच्या काळात बंदी असलेली द्रव्यं असतात. कोणतंही औषध घेताना "मी खेळाडू आहे" असं डॉक्टरांना आधी सांगा.

जेवण घरचंच. भाकरी किंवा पोळी, उसळ, वरण-भात, अंडी किंवा मासे-चिकन, ताक, केळी, शेंगदाणे. डब्यातल्या महागड्या पावडरींवर पैसे घालण्याआधी रोज दोन अंडी आणि वाटीभर उसळ होते का ते बघा.

शेवटचे आठ आठवडे

पहिले तीन आठवडे धावणं आणि ताकद जास्त. पुढचे तीन आठवडे स्पारिंग हा सरावाचा गाभा. एकाच मित्राशी खेळत राहू नका. उंच, बुटका, डावखुरा, अंगावर येणारा, पळणारा, असे वेगवेगळे जोडीदार मिळवा. गरज पडली तर सर दुसऱ्या क्लबमध्ये घेऊन जातात. डावखुऱ्याशी एकदाही न खेळता स्पर्धेला जाणं ही मोठी चूक आहे. सातव्या आठवड्यात शेवटचं जोरदार स्पारिंग, स्पर्धेच्या सात ते दहा दिवस आधी. त्यानंतर कामाचा वेळ कमी, वेग तोच. शेवटचे दोन दिवस हलकं शॅडो आणि दोरी. या दिवसांत मुलांना वाटतं की दम उतरतोय आणि ती चोरून धावायला जातात. जाऊ नका. थकवा निघायलाच हे दिवस असतात.

कागद आणि पिशवी

वयोगट जन्मवर्षावरून ठरतो, म्हणून जन्मदाखला आणि आधार. शालेय स्पर्धेला शाळेचं बोनाफाईड. वैद्यकीय तपासणीचा दाखला. अठराच्या आत असाल तर पालकांचं संमतीपत्र. परिपत्रकात आणखी काही मागितलं असेल तर ते. सगळ्याच्या दोन झेरॉक्स.

पिशवीत लाल आणि निळी, दोन्ही बनियन ठेवा. कोणता कोपरा येईल ते ड्रॉ पडल्यावरच कळतं. बँडेज, माऊथगार्ड, कप, बूट, जास्तीचे मोजे, टॉवेल, पाणी. स्पर्धेचे ग्लोव्हज साधारणपणे आयोजक देतात. वजनाप्रमाणे ते १० किंवा १२ औंसाचे असतात, म्हणजे सरावातल्यापेक्षा हलके आणि लागायला कडक.

लढतीचा दिवस

सकाळी काटा आणि डॉक्टरांची तपासणी. ते उरकलं की आधी पाणी, लिंबू-मीठ-साखर घालून, थोडं थोडं. मग केळं, पोहे किंवा उपमा. लढतीच्या तीन तास आधी वरण-भात. स्टेडियमबाहेरची मिसळ आणि वडापाव त्या दिवशी नको. पोट रोजच्या जेवणावरच ठेवा.

मग वाट बघायची, आणि हाच दिवसाचा सगळ्यात अवघड भाग. तुमची बाऊट, म्हणजे लढत, बारावी असली तर "अजून खूप वेळ आहे" म्हणून झोपू नका. आधीच्या दोन लढती पहिल्याच राउंडला थांबल्या तर नंबर पंधरा-वीस मिनिटांनी पुढे येतो. चार-पाच बाऊट उरल्या की अंग गरम करायला लागा. दोरी, सांधे मोकळे करणं, शॅडो, मग सरांबरोबर दोन राउंड पॅड. कपाळावर घाम दिसला पाहिजे. कोरड्या अंगाने रिंगमध्ये चढलेल्या मुलाचा पहिला मिनिट अंग उघडण्यातच जातो आणि तेवढ्यात राउंड हातचा निघून जातो. हात थंड पडतात, लघवीला लागतं, तोंड कोरडं पडतं. दहा-दहा वर्षं खेळलेल्यांचंही असंच होतं. श्वास लांब सोडत राहा.

रिंगमध्ये

मोठ्या स्पर्धांत पाच जज असतात. प्रत्येक राउंड जिंकणाऱ्याला १०, दुसऱ्याला ९ किंवा त्याहून कमी. ही पद्धत २०१३ पासूनची. त्याआधी जज बटण दाबून एकेक ठोसा मोजायचे. त्या काळात शिकलेले काही जाणकार अजून "टच कर आणि पळ" असं सांगतात. आता जज आख्खा राउंड बघतात: स्वच्छ ठोसे कुणाचे, लढत कुणाच्या ताब्यात, कोण लढायला येतंय. ग्लोव्हच्या नकल्सच्या भागाने, डोक्याच्या पुढे-बाजूला किंवा कंबरेच्या वर अंगावर लागलेला ठोसाच धरतात. उघड्या ग्लोव्हची चापट धरत नाहीत.

पहिला राउंड बघण्यात घालवू नका. तीनच राउंड आहेत. एक गेला की उरलेले दोन्ही जिंकावे लागतात. घंटा झाली की मध्यभाग घ्या आणि जॅब लावा. रिंग दोरांच्या आत ६.१० मीटरची असते, मागे सरकत गेलात तर तीन-चार पावलांत पाठीला दोर लागतो. म्हणून सरळ मागे येऊ नका, बाजूला निघा. "स्टॉप" म्हटलं की थांबायचं, "ब्रेक" म्हटलं की एक पाऊल मागे घेऊनच पुन्हा खेळायचं. ब्रेकवर ठोसा मारला तर ताकीद. एट काउंट मिळाला, म्हणजे जोराचा ठोसा बसल्यावर रेफरी आठपर्यंत मोजायला लागला, तर त्याच्या डोळ्यांत बघा, हात वर ठेवा आणि पूर्ण आठापर्यंत श्वास घ्या.

मधल्या मिनिटात बसा, पाय सैल सोडा, नाकाने आत, तोंडाने बाहेर. सर एकच गोष्ट सांगतील, तेवढीच ऐका. प्रेक्षकांतून मामा, दादा, मित्र ओरडत असतात. कान फक्त कोपऱ्याकडे. मी कोपऱ्यात बसतो तेव्हा पहिली वीस सेकंदं काहीच बोलत नाही. पोराचा श्वास खाली येईपर्यंत त्याला शब्द पोचत नाहीत. मग एवढंच: "डावा परत वर आण, बाळा. बाकी सगळं बरोबर आहे."

लढत झाल्यावर

निकाल काहीही लागो, समोरच्याच्या कोपऱ्यात जाऊन त्याच्या सरांना नमस्कार करा. मग डॉक्टर. डोकेदुखी, मळमळ, उजेडाचा त्रास, बोलण्यात गोंधळ, यांपैकी काहीही वाटलं तर सांगा आणि त्या रात्री एकटे झोपू नका. उलट्या सुरू झाल्या किंवा झोपेतून उठवणं अवघड झालं तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटलमध्ये. डोक्याला ठोसा बसून लढत थांबली असेल तर आंतरराष्ट्रीय हौशी बॉक्सिंगच्या वैद्यकीय नियमांप्रमाणे किमान ३० दिवस रिंग बंद, शुद्ध हरपली असेल तर ९० दिवस, आणि एक मिनिटाहून जास्त वेळ हरपली असेल तर १८० दिवस. या दिवसांत स्पारिंगही नाही. सर किंवा घरचे म्हणाले "एवढं काही नाही", तरी नाही.

काही झालं नसेल तर तीन-चार दिवस नुसतं चाला, पोहायला जा, खा आणि झोपा. लढतीचा व्हिडिओ कुणीतरी काढलेला असतोच. तो पहिल्या रात्री बघू नका. आठवड्याने सरांबरोबर बसून बघा, एकदा आवाज बंद करून, आणि वहीत तीन जागा लिहा जिथे जॅब मारून हात खाली राहिला. सोमवारी हॉलमध्ये आलात की तिथूनच सुरू करायचं, आरशासमोर, ग्लोव्हज न घालता.